गुलाबी खुंट्या

“पुन्हा दोन तुकडे झाले, बिर्थे.” मालेनेनं कॅल्क्युलेटरचा वरचा भाग एका हातात, खालचा दुसऱ्या हातात धरून दाखवला. “सकाळपासून येरझाऱ्या चालल्यात. जेवणाला हात लावलेला नाही.”

मालेने ही एस्बियर्ग शहरातल्या वृद्धाश्रमातली परिचारिका. येरझाऱ्या घालत होता तो बिर्थेचा नवरा, अस्गर. जन्मभर त्यानं जमिनी मोजल्या. आता त्याला घराचा रस्ता आठवत नसे, बायकोही ओळखू येत नसे. पण हिरवे आकडे उमटवणारं ते जुनं यंत्र मांडीवर असलं की बटणं दाबत शांत बसायचा. तेच हातून पडलं होतं. मागच्या वेळी मुलानं नवं आणून दिलं होतं, ते त्यानं खिडकीत ठेवून दिलं. “हे माझं नव्हे,” एवढंच म्हणाला.

बिर्थे तुकडे घेऊन घरी आली आणि कोट न काढताच टेबलाशी बसली. आत स्क्रू बसायच्या पोकळ प्लास्टिकच्या खुंट्या होत्या; चारांतल्या दोन बुडातून मोडलेल्या. तिनं झटपट चिकटणारा गोंद लावला, जेमतेम वाळू दिला आणि स्क्रू पिळला. कट्कन आवाज आला. खुंटी उभी चिरली.

तेवढ्यात फोन.

“दाराशी उभा आहे,” मालेने म्हणाली. “म्हणतो, शेतावर माणसं खोळंबलीत.”

“त्याला सांग, यंत्र दुरुस्तीला दिलंय.”

“सांगितलं. विचारतो, कुणाकडे दिलं? माणूस बरा आहे ना?”

बिर्थेनं फोन ठेवला. तिनं आयुष्यभर लोकांच्या कवळ्या बनवल्या होत्या. हाताखालच्या पोरीनं अशी घाई केली असती, तर तिनं तिला फाडून खाल्लं असतं.

माळ्यावरच्या पेटीत कवळ्या बनवायची पूड आणि ती कालवायचा द्राव होता. रंग एकच उरला होता, हिरड्यांचा गुलाबी. तिनं मोडलेलं बूड कानशीनं खरवडलं, स्क्रूला व्हॅसलीन चोळून तो मधोमध उभा धरला आणि भोवती गुलाबी लगदा थापला. दुसऱ्या खुंटीचंही तसंच केलं. आता घट्ट होईपर्यंत हात लावायचा नव्हता.

तेच तिला जमेना. उग्र वास जावा म्हणून तिनं खिडकी उघडली, मग वारा नको म्हणून लावली. धुतलेला कप पुन्हा धुतला. राईच्या पावाला लोणी लावलं आणि खायचं विसरली. दर वेळी टेबलापाशी येऊन वाकून बघायची आणि हात मागे बांधून परत फिरायची.

अखेर स्क्रू अलगद बाहेर आले. तिनं यंत्र जुळवलं आणि स्क्रू पुन्हा पिळले, बोटाला जाणवेल एवढेच. खुंट्यांनी ते घट्ट धरले.

वृद्धाश्रमात अस्गर अजून दाराशीच होता. तिनं यंत्र पुढे केलं. त्यानं ते हलवून पाहिलं, कानाशी नेलं, कडेवरून अंगठा फिरवला. मग खुर्चीत बसून बटणं दाबू लागला. मालेनेनं सूप आणून ठेवलं. तेही तो प्यायला.

बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली. शेजारी बसलेल्या बाईकडे आदबीनं पाहिलं.

“काम चोख झालंय. आता तुम्ही घरी जा,” तो म्हणाला. “घरचे वाट बघत असतील.”

“निघतेच,” बिर्थे म्हणाली आणि त्याच्या हनुवटीवर ओघळलेलं सूप रुमालानं टिपलं.