अस्तरातलं पान

धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी पुस्तकं बांधणाऱ्याच्या बायकोची दृष्टी गेली. तिला भयकथांचं वेड होतं. वाचनालयातून शिवायला आलेल्या गठ्ठ्यातून ती नेमक्या त्याच काढायची आणि नवरा पुठ्ठ्यांना खळ लावत बसला की मोठ्यानं वाचायची. त्याला अक्षर येत नव्हतं. सुटी पानं क्रमानं लावून तीच द्यायची, तो फक्त शिवायचा. पण लोकांना कुठली गोष्ट आवडते ते तो दोऱ्यावरून सांगे. पुस्तक जिथं पुन्हा पुन्हा उघडतं, तिथली शिलाई आधी सुटते. एक जाड संग्रह दरवेळी विहिरीच्या गोष्टीपाशी सुटून यायचा.

मुद्दाम कशाला भ्यायचं, असं त्यानं एकदा विचारलं होतं.

"भीती वाटली की माणूस शेजारच्याचा हात धरतो," ती म्हणाली. "तुमचे हात मेले सदा खळीत."

तो हसला होता. हात काही धुतले नव्हते.

डोळे गेल्यावर ती म्हणाली, आता तुम्ही वाचा. साठीला टेकलेला हा माणूस मग ग्रंथपाल बाईंसमोर पाटी घेऊन बसला. दीड वर्ष गेलं. तो संग्रह घेऊन तिच्या खाटेशी आला, तोवर तिनं अंथरूण धरलं होतं. रोज दुपारी एक पान.

"तुमच्या वाचण्यानं भूतसुद्धा कंटाळून जाईल," ती म्हणायची.

अकराव्या दुपारी गोष्टीतली बाई विहिरीत वाकली, आणि पुढं दुसरीच गोष्ट सुरू झाली. त्यानं पान मागंपुढं उलटून पाहिलं, आणि मग आठवलं. हिचे डोळे गेले त्याच महिन्यात हे पुस्तक सुटून आलं होतं. पानं त्यानं अंदाजानं लावली होती. एक उरलं, ते रद्दीतलं समजून कुठल्याशा पुस्तकाच्या पाठीला अस्तर म्हणून चिकटवून टाकलं होतं.

"राहू द्या हो. शेवट मला पाठ आहे. बसा इथं."

"असं अर्धवट काम मला नाही चालत. आलोच."

तीन दुपारी तो वाचनालयात आपणच बांधलेल्या पुस्तकांच्या पाठी उसवत बसला. ग्रंथपाल बाईंनी सांगून पाहिलं, की शेवट नाही म्हणून कुणाची तक्रार नाही; गोष्ट तिथंच संपते असं समजून लोक उलट जास्तच घाबरतात, पुस्तकासाठी नंबर लावतात. त्याचं लक्ष नव्हतं. तिसऱ्या दुपारी, बुधवारी, एका शिवणकामाच्या पुस्तकाच्या पाठीत पान सापडलं. ओल्या फडक्यानं ते सोडवून त्यानं उभ्याउभ्याच वाचलं. विहिरीतून कुणीतरी त्या बाईचा हात मागतं, एवढंच होतं.

पान वाळायची वाट न बघता तो निघाला. बोटांना खळ तशीच होती.

पुस्तकं बांधणाऱ्याची बायको धाकटीच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, त्याच बुधवारी, दुपारी तीनच्या सुमारास वारली. जवळ शेजारीण होती.