चारशे सतराची नळी

सुबोध घाडीच्या मते बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरण म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा. ठाण्यात जायचं, रायफल दाखवायची, शिक्का घ्यायचा आणि दुपारी घरी येऊन जेवायचं. आजवर असंच होत आलं होतं, कारण आजवर प्रत्येकाने फक्त रायफलच्या बॉडीवरचा नंबर पाहिला होता. या वेळचा हवालदार नवीन होता आणि कामसू होता. त्याने चष्मा कपाळावर चढवला, नळी उजेडात धरली आणि सुबोधचा पंधरवडा नासवला.

"परवान्यावर शेवटी चारशे सतरा. बॉडीवर चारशे सतरा. नळीवर चारशे अठरा," तो म्हणाला. "साहेब, ही नळी कोणाची?"

कोणाची ते सुबोधला त्याच क्षणी कळलं. त्याचे वडील भाऊराव आणि काका खंडू, दोघेही गिरणीतले. दोघांनी कणकवलीजवळच्या गावच्या शेतात डुकरं येतात म्हणून एकाच दिवशी, एकाच दुकानातून, अगदी सारख्या रायफली घेतल्या होत्या. नंबरही ओळीने आले. सतरा मोठ्या भावाची, अठरा धाकट्याची. दोघे गेल्यावर सतरा सुबोधकडे आली आणि अठरा काकांच्या मुलाकडे, बोरिवलीच्या निलेशकडे.

ठाण्यातले साहेब भले होते. दोन्ही नंबर नोंदीत असल्यामुळे त्यांनी गुन्हा वगैरे काढला नाही. पंधरा दिवसांत परवानाधारक कारागिराकडून नळ्या जागच्या जागी करून घ्यायच्या आणि त्याचं पत्र आणायचं. नाही आणलं तर रायफल जमा.

वडिलांची रायफल जमा होणार म्हटल्यावर सुबोधचं डोकं फिरलं. भाऊरावांचा नेम पंचक्रोशीत माहीत होता. त्यांनी बंदूक उचलली की लोक डुक्कर उचलायला माणसं बोलवायचे, असं गावात म्हणत. आणि खंडूकाका? त्यांच्या शेतात डुकरं पाहुण्यासारखी जेवून जायची. काकांचा नेम हा घाडींच्या प्रत्येक लग्नातला हमखास हशा होता, आणि तो हशा बहुतेक वेळा सुबोधच पिकवायचा. त्यात काका गिरणीत फिटर. नळी काढणं-बसवणं दुसऱ्या कोणाला जमणार? हिशोब सरळ होता. स्वतःचा नेम लागत नाही म्हणून काकांनी मोठ्या भावाची चांगली नळी हळूच काढून घेतली.

रिक्षात बसल्याबसल्याच त्याने 'घाडी परिवार' या ग्रुपवर लिहिलं, "खंडूकाकांनी आमच्या बाबांच्या रायफलची नळी चोरली. पुरावा पोलीस ठाण्यात आहे." ग्रुपवर बासष्ट माणसं.

"अरे, आधी निलेशला फोन करायचास ना!" घरी आल्यावर अक्षता, त्याची बायको, म्हणाली. "आणि चांगली नळी काकांनी नेली, तर बाबांचा नेम कसा लागायचा?"

"बाबांचा हात होता तो!" सुबोध ओरडला. "आणि निलेशशी बोलण्यासारखं राहिलंय काय आता?"

राहिलं होतं. त्याची नळी निलेशच्या रायफलवर होती, आणि निलेशने रायफल आणल्याशिवाय ती मिळणार नव्हती. हे सुबोधच्या लक्षात आलं तेव्हा मेसेज एक्केचाळीस जणांनी वाचला होता. मग ज्याच्या बापाला चोर म्हटलं त्यालाच "कधी येतोस रे?" असं गोड आवाजात विचारायची वेळ आली. निलेश भांडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त "बघतो" म्हणाला. मग ऑफिसचं ऑडिट निघालं. मग ताप. मग गाडी गॅरेजला. प्रत्येक फोननंतर सुबोध भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक फुली मारायचा आणि अक्षता स्वयंपाकघरात निघून जायची. चौदा फुल्या झाल्या.

शेवटी मुदत संपायच्या आदल्या दिवशी निलेश मुलुंडला कारागिराकडे आला. अकराची वेळ ठरली होती, एक वाजता आला. खांद्यावर रायफलची पेटी, चेहऱ्यावर काही नाही.

"ट्रॅफिक होतं," तो म्हणाला.

"मी काही बोललो का?" सुबोध म्हणाला. त्याला खूप काही बोलायचं होतं.

कारागीर रतन जाधव सरकारी शस्त्र कारखान्यातून निवृत्त झालेला, मुलुंडच्या औद्योगिक वसाहतीत छोट्या गाळ्यात रीतसर परवान्यावर दुरुस्ती करायचा. बोलणं मोजकं. सुबोधची रायफल त्याने पंधरा मिनिटांत खोलली. बोल्ट काढला, लाकडी दस्ता सोडवला, नळी वाइसच्या शिकंज्यात आवळली, बॉडीला लांब दांड्याचा पाना लावून एक झटका दिला आणि नळी सुटली.

निलेशची सुटेना. तेल घातलं, थांबले. पुन्हा झटका, नाही. गरम केलं, थांबले. नाही. सुबोधने दोनदा घड्याळ पाहिलं, तीनदा पाहिलं. गाळ्याबाहेर जाऊन आला. काकांनी नळी चोरली ती चोरली, वर अशी आवळून ठेवली की पोलिसांच्या बापालाही निघू नये, असं काहीतरी तो पुटपुटला. निलेश स्टुलावर बसून पंख्याकडे बघत होता. त्याचा हा थंडपणा सुबोधला सर्वांत जास्त झोंबत होता. चोराच्या मुलाने निदान खाली तरी बघावं!

साडेतीनला नळी कुरकुरली आणि फिरली.

"ही आधी एकदा काढलेली आहे," रतन आट्यांवर बोट फिरवत म्हणाला. "काढणारा मात्र उत्तम फिटर. एक ओरखडा नाही."

"बघा!" सुबोध जवळजवळ आनंदाने म्हणाला. "मी काय म्हणत होतो?"

रतनने आधी अठराची नळी ट्यूबलाइटकडे धरून आतून पाहिली, मान हलवली. मग सतराची पाहिली आणि बराच वेळ बघत राहिला. दोन्ही नळ्या त्याने सुबोधच्या हातात दिल्या.

अठराची, म्हणजे इतकी वर्षं वडिलांच्या रायफलवर असलेली, आतून आरशासारखी लखलखत होती. गोळीला फिरवणारे आतले पीळ नवेकोरे. सतराची, म्हणजे वडिलांची मूळची, आतून खड्ड्याखड्ड्यांनी सडलेली. पीळ कुठेकुठे पार बुजलेले. सुबोधने नळ्या उलटसुलट करून पुन्हा पाहिल्या. नंबर पुन्हा वाचले. मग अडखळत म्हणाला, "म्हणजे काकांनी नेऊन खराब केली."

"नाही रे," निलेश म्हणाला. त्या दिवशीचं त्याचं हे दुसरंच वाक्य. "खराब झाली म्हणूनच नेली. भाऊकाका नळी पुसायचे नाहीत, तुला माहितीय. एका पावसाळ्यात रायफल तशीच माळ्यावर राहिली, ओल्या गोणपाटात. पुढच्या वर्षी त्यांच्या चार गोळ्या चुकल्या. गावात लोक हसले. भाऊकाकांनी जेवण टाकलं. माझा नेम गेला, म्हातारा झालो, म्हणाले."

सुबोधला ते वर्ष आठवलं. सत्त्याण्णव. बाबा मे महिन्यात गावाहून अचानक खूश होऊन परत आले होते. नेम परत आला, असं त्यांनी चाळभर सांगितलं होतं.

"भाऊकाका दुपारचे झोपले असताना माझ्या बाबांनी गोठ्यात बसून नळ्या बदलल्या. पुढे ती नळीही दरवर्षी तेच गुपचूप पुसायचे," निलेश म्हणाला. "दोघा भावांचं ताटवाटी एक, कपाट एक. नळीला वेगळा कायदा असतो हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मला जाताना सांगितलं. दादाक सांगा नको हां, म्हणाले. तेव्हा भाऊकाका हयात होते."

"बाबांना कधीच कळलं नाही?"

"नाही."

"मग मी ग्रुपवर एवढं लिहिलं, तेव्हा तू का नाही बोललास?"

"काय बोलणार? तुझ्या बापाचा नेम माझ्या बापाच्या नळीचा होता, असं?"

सुबोध बसला. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटायला लागल्याचाही राग आला. लग्नालग्नांत त्याने काकांची नक्कल केली होती, डोळा बारीक करून, बंदूक थरथरवत. काकाही हसायचे. सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

ठाण्याने सांगितल्याप्रमाणे रतनने नळ्या नंबरावर चढवल्या. सतरावर सतरा, अठरावर अठरा. गेजच्या मापाने तपासल्या, पत्र लिहिलं, शिक्का मारला.

"कागद बरोबर झाले," तो सुबोधला रायफल देत म्हणाला. "फक्त हिने आता नेम धरू नका. भिंतही चुकेल."

निलेश पेटी बंद करत होता. सुबोधला एकदम वाटलं, आता एक क्षणही थांबता कामा नये. बासष्ट जणांसमोर जे घाण केलं ते बासष्ट जणांसमोरच धुवायला हवं. त्याने तिथेच, वाइसला टेकून, लिहायला घेतलं. "मी चुकलो. खंडूकाका चोर नव्हते. बाबांची नळी सडली होती. काकांनी गुपचूप स्वतःची चांगली नळी त्यांच्या रायफलला लावली. बाबांचा नेम खरा काकांच्या नळीचा होता. गावात सगळ्यांना कळू दे." लिहिलं, वाचलं नाही, पाठवलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्याला छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं. आता निलेश काहीतरी बोलेल, कदाचित खांद्यावर हात ठेवेल, असंही त्याला वाटून गेलं.

निलेशचा फोन वाजला. त्याने पेटीवर हात ठेवूनच मेसेज वाचला. इतके दिवस कोऱ्या असलेल्या चेहऱ्यावर पहिल्यांदा राग आला.

"हे काय केलंस?"

"खरं लिहिलं. काकांचं नाव..."

"बाबांना नाव हवं होतं का?" निलेशचा आवाज चढला. रतन पाना पुसत पाठमोरा झाला. "नाव हवं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं ना! आयुष्यभर लोकांचं हसणं कशासाठी ऐकलं त्यांनी? चोर म्हणालास, ते मी गिळलं, भाऊकाकांसाठी. बाबांनी मरेपर्यंत सांभाळलं, सुबोध. तुला पाच मिनिटं नाही सांभाळता आलं."

त्याने पेटी खांद्याला लावली आणि तो गेला. सुबोधने घाईघाईने मेसेज डिलीट करायला घेतला. तोवर गावाहून कोणीतरी उत्तर पाठवलं होतं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चार चेहरे, आणि खाली एक ओळ, "म्हणजे भाऊरावांचा नेम उसना होता तर!"