चुकलेल्या गणितांची वही

मी एक जुनी बीजगणिताची वही आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे गेल्या जूनमधली. गिरीज गावच्या ऋतिकाने मला वसईच्या बाजारातून आणले, तेव्हा माझी दोनशे पाने होती. आता निम्मी उरली आहेत.

ऋतिका दहावीत. तिच्या रोझलिन टीचरांची शिस्त अशी, की चुकलेले गणित खोडून टाकायचे नाही. त्यावर एकच रेघ मारायची आणि शेजारी चुकीचे कारण लिहायचे. एकदा ऋतिकाने वजा दोनचा वर्ग वजा चार लिहिला. रेघ मारून बाजूला लिहिले, 'कंस विसरले. वजा गुणिले वजा, अधिक.' ती चूक तिने पुन्हा केली नाही. मला तिचे फार कौतुक वाटले.

तिचे पप्पा जितेश वालीवच्या कारखान्यात लोखंड कातायचे लेथ मशीन चालवतात. एका रविवारी त्यांनी मला उघडले.

"ही काय घान केलीस?"

"पप्पा, टीचरच सांगतात, चूक ठेवायची."

"आमच्याकडं चुकलेला माल भंगारात जातो!" त्यांनी पान टरकन फाडले.

वहीचे एक पान ओढले की पिनेपलीकडचे त्याचे जोडपानही निखळते. पण रागावलेल्या माणसाला हे कोण सांगणार? दर रविवारी हेच चालले. फाटलेल्या पानांचे बोळे ऋतिकाच्या तोंडावर बसत. एकदा तर त्यांनी कर्कटकाचे टोक माझ्या पोटात खुपसले. मला ओरडता येत नाही. ती ओरडली, म्हणून तिला थप्पड बसली.

मग ती हुशार झाली. खात्री असेल तेवढेच लिहू लागली. पाने कशी लख्ख! जितेश खूश. आणि सराव परीक्षेत चाळीसपैकी नऊ गुण पडले.

त्या संध्याकाळी मारायला त्यांनी मलाच उचलले. आधी पाठीवर, मग पुठ्ठ्याच्या कडेने गालावर. गाल फाटला. आई जयवंती मध्ये पडली, तिलाही फटका बसला. ऋतिकाचे रक्त माझ्या पानांवर ठिबकले आणि मला माझीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी टीचर उत्तरपत्रिका घेऊन घरी आल्या.

"बघा, पाच गणितं कोरी. हिला येतात ती. अर्धवट लिहिली असती तरी पायऱ्यांचे गुण मिळाले असते. का नाही लिहिलंस गं?"

"चुकलं असतं तर?" ऋतिका म्हणाली.

जितेशनी उत्तरपत्रिकेची कोरी पाने उलटून पाहिली. टीचर गेल्यावर त्यांनी मला तिच्यापुढे ठेवले आणि शेजारी बसले.

"लिव. चुकलं तरी चालंल."

दुसऱ्याच ओळीत तिचे चिन्ह चुकले. जितेशनी चष्मा सारखा करायला हात उचलला. ऋतिकाने पेन टाकून दोन्ही हातांनी डोके झाकले.

मित्रांनो, आपली चूक वाचता येईल अशी जपून ठेवा. आणि घरातल्या मोठ्यांना माझा निरोप द्या, की आमच्यावर हात टाकू नका, आमच्यावर लिहिणाऱ्यांवर तर मुळीच नको. परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे. जितेश हात मांडीवर ठेवून कधीचे बसले आहेत. तिने अजून पेन उचललेले नाही.