वीतभर काळी-पिवळी

“ही मपली गाडी न्हाई,” रायभान म्हणाला आणि त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. म्हणजे विषय संपला.

टिपॉयवर वीतभर लांबीची काळी-पिवळी जीप उभी होती. रामहरीने ती अकरा महिने खपून केली होती. खऱ्या गाडीचा बरोबर चोविसावा हिस्सा, नंबरप्लेटसकट.

“नीट बघा, नाना. तुमच्याच गाडीची मापं हायत. भंगारात जायच्या आधी चार दिवस मी तिच्या खालीच होतो टेप घेऊन.”

“होता की. आरटीओचा माणूस खाली घुसला असं समजून टपावरचे चौघं उड्या टाकून रानात पळाले होते. त्यांचं भाडं बुडालं मपलं.”

“मग चुकलं काय?”

“चुकलं कुठं म्हन्तो मी? लय बेस गाडी हाय. पर मपली न्हाई, डॉक्टर.”

एवढे बोलून तो बाजेवरून उठला. उठला म्हणण्यापेक्षा सुटला, कारण तो बाजेवर पुरता बसलाच नव्हता. रायभानने बावीस वर्षे चारठाणा ते देवगाव फाटा जीप हाकली. नऊ माणसांच्या गाडीत अठरा शिटा बसवायच्या तर ड्रायव्हरलाही सरकून घ्यावे लागते, म्हणून त्याचा उजवा अर्धा भाग कायम दाराबाहेर. गाडी जाऊन दोन वर्षे झाली, तरी माणूस अजून अर्धाच बसतो. लग्नाच्या मांडवात खुर्चीवर टेकला की शेजारचा त्याला हमखास सांगतो, बाबा, जागा आहे.

रामहरी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीला होता. पदाचे नाव व्रणोपचारक. हा शब्द गावात कोणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून सगळे डॉक्टर म्हणत. खरे डॉक्टर एक दिवसाआड येत आणि मधल्या दिवशी शेळ्यामेंढ्या काही आजारी पडायच्या थांबत नसत, त्यामुळे रामहरीनेही कधी हरकत घेतली नव्हती.

एकतीस वर्षे जखमा बांधून हात असा स्थिर झाला होता की त्याला दवाखान्याबाहेरही काही काम लागे. ते त्याने बारा वर्षांपूर्वी शोधले. लशीच्या बाटलीचे रबरी बूच म्हणजे टायर. तिच्या तोंडावरची पत्र्याची टोपी म्हणजे हेडलाइट. जाड सुई घासून बोथट केली की चाकांचा आस होतो, आणि डिंक सोडायला सिरिंजसारखे हत्यार नाही. कपाटात ट्रॅक्टर, दुधाचा टेम्पो, एक रुग्णवाहिका, अशा चौदा गाड्या ओळीने उभ्या होत्या. गाव त्यांना खेळणी म्हणे. बायको दैवशाला तर आल्यागेल्याला सांगे, “आमच्या घरात लेकरू एकच, बावन्न वर्साचं.”

आणि दर वेळी रामहरी तेच उत्तर देई. “अगं, गाडी हाय ती. निस्ती ल्हान हाय, पर गाडीच हाय.”

यंदा मात्र त्याचा भाव वधारला होता. मुलगी निकिता पुण्यात नर्सिंगला होती. तिने जीपचे फोटो कुठेतरी पाठवले आणि अशा छोट्या गाड्या करणाऱ्यांच्या प्रदर्शनाचे आमंत्रण आले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पार्सल निघायचे होते. रामहरीने आधी रायभानला बोलावले ते या हिशेबाने की एकदा मालकाने मान डोलावली म्हणजे झाले. पुणेकरांनी नावाजले काय, नाक मुरडले काय, त्यांनी ती गाडी कुठे पाहिली होती? पण ज्याने ती बावीस वर्षे हाकली तोच नाही म्हणाला, तर गावाचे खरे ठरले. मग ते खेळणेच.

त्याने मापांची वही उघडली आणि ओळ न् ओळ ताडून पाहिली. एका पानावर लिहिले होते : डावी बाजू दोन इंच खाली, स्प्रिंगचा पाटा बसलेला. पुढचा बंपर डावीकडे दबलेला. टपाला मधोमध झोळ. ते सगळे त्याने गाडी बनवताना दुरुस्त केले होते. जखम दिसली की बांधायची, हा हाताचा धर्म. शिवाय पुण्याला चारचौघांत न्यायची गाडी, ती तोंड वाकडे करून कशी न्यायची? त्याला काही चूक सापडली नाही आणि दोन दिवस जेवणही गोड लागले नाही.

दसऱ्याला सकाळी तो दवाखान्यात गेला. तिथे सुया, कात्र्या आणि बैल खच्ची करायचा मोठा चिमटा यांना झेंडू वाहून, पेढा खाऊन अकराला परत आला. येऊन पाहतो तर टिपॉयभोवती रांगोळी.

जीपच्या बॉनेटवर हळदीकुंकवाचे बोट उठले होते. दैवशालाचे बोट जीपच्या मानाने परातीएवढे. कुंकू ओले होते, ते ओघळून हेडलाइटमध्ये शिरले होते. टपावर झेंडूचे एकच फूल, पण टप पुरता झाकलेला. शेजारी नारळ फोडलेला, त्याचे पाणी टपाच्या कापडात मुरून मधोमध झोळ पडलेला. नारळाची एक भकल उडून बंपरला बसली होती. आणि डाव्या चाकाखाली लिंबू.

“हे काय केलंस?” रामहरीने विचारले.

“पूजा केली. यवढ्या लांब निघालीय, तशीच धाडता का? ल्हानातलं ल्हान लिंबू हुडकलं, तरी चाकापरीस मोठं. फुटंचना. मग जरा भार दिला.”

सुईचा आस वाकला होता. जीप डावीकडे कलली होती.

“अगं, अकरा महिने… अगं, कुनी सांगितलं होतं तुला?”

“तुमीच.” दैवशाला ताट खाली ठेवून म्हणाली. “बारा वर्सं झाली सांगायलाव, गाडी हाय, निस्ती ल्हान हाय. मग गाडीची पूजा करू नगं व्हय?”

बारा वर्षांत त्याचे म्हणणे पहिल्यांदा कोणीतरी मनापासून मानले होते आणि मानले ते असे. त्याला रडावेसे वाटत होते. तिच्या डोळ्यांत मात्र खरेच पाणी आले होते, म्हणून त्याने खाली ठेवलेले ताट उचलून आत नेले. निकिताला त्याने फोन करून सांगितले की पार्सल राहू दे. मग जीपवर धुतलेला टॉवेल टाकला.

संध्याकाळी लोक आपट्याची पाने घेऊन येऊ लागले. रायभानही आला. पान हातात देऊन, गळाभेट घेऊन बाजेच्या कडेला टेकला. चहा येईपर्यंत बोलायचे काय, म्हणून त्याने सहज टॉवेलचे टोक उचलले.

“नाना, राहू द्या. बिघडलीय ती.”

रायभानने ऐकले नाही. त्याने खिशातून चष्मा काढून लावला. मग गुडघ्यावर हात देऊन खाली बसला आणि गाल टिपॉयला लावून जीपकडे समोरून बघत राहिला. दैवशाला चहाचे कप घेऊन दारातच थांबली.

“डावा पाटा बसलाय,” तो म्हणाला.

“व्हय.”

“टप गळत असंल पावसात.”

“गळंल.”

“अन् हे कुंकू. आमची शीला असंच थापायची. लय सांगितलं, काचंवर लावू नगं, समोरचं दिसत न्हाई. ऐकलं न्हाई कधी.” शीला म्हणजे रायभानची बायको. ती गाडीच्याही दोन वर्षे आधी गेली. त्याने दबलेल्या बंपरवरून बोट फिरवले, पण टेकवले नाही. “डॉक्टर, ही कुठं घावली तुमाला?”

एकतीस वर्षांत त्याच्या हातून बऱ्या झालेल्या एकाही जनावराच्या मालकाने त्याला असे विचारले नव्हते.

“घेऊन जा घरी,” रामहरी म्हणाला.

“पुण्याला जायलीय ना ती?”

“पुण्याचं परमिट न्हाई तिला, नाना. फाट्याच्या पुढं जाता येत न्हाई.”

रायभान हसला. जीपच्या बॉनेटवर त्याने आपट्याचे एक पान ठेवले, तिला दोन्ही हातांनी अलगद उचलले आणि मांडीवर घेऊन पुन्हा बाजेवर बसला. डावा अर्धा भाग बाजेवर, उजवा बाहेर. दैवशालाने चहा पुढे केला आणि तिला राहवले नाही.

“अवो भावजी, सरका की आत. सारी बाज रिकामी हाय.”

“राहू द्या, वैनी,” रायभान म्हणाला. “अजून शिटा यायच्यात.”