लाइट बंद, कॉम्प्युटर चालू

भंडाऱ्याच्या बाजारात, पितळी भांड्यांच्या दुकानांवरच्या मजल्यावर उर्वशी गभणेचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. तयार कॉम्प्युटर ती फारसे ठेवत नसे. गिऱ्हाइकाला काय हवं ते नीट विचारून घ्यायचं, नागपूरहून एकेक भाग मागवायचा आणि स्वतःच्या हातानं जोडून द्यायचा, हे तिचं काम. गेम खेळणारी पोरं तिच्याकडे मोहाडीपासून येत. त्यांना काचेचा डबा हवा असे आणि आत रंग बदलणाऱ्या लाइटा. लाइटा लावायला उर्वशीलाही आवडायचं. डब्यातल्या तारा मागच्या बाजूनं लपवून, सगळे पंखे एका लयीत जांभळे-निळे होताना बघायचं आणि मग फोटो काढायचा, हा तिचा आनंद होता.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास तिला वरठीहून फोन आला. रीना बांते बोलत होती. तिचा नवरा चंद्रकुमार वरठीला कारखान्यात कामाला होता, आणि महिन्याभरापूर्वी उर्वशीनं त्याला असाच एक कॉम्प्युटर जोडून दिला होता. सहा पंखे, सगळ्यांत लाइटा. घरी जाऊन बसवूनही तिनंच दिला होता.

"ताई, तुमाले एक विचारायचं होतं," रीना म्हणाली. तिचा आवाज दबलेला होता, शेजारी कुणी झोपलं असावं तसा. "आमचा इन्व्हर्टर आधी पाच घंटे चालत होता. आता दोन-अडीच घंट्यांतच टीं टीं करते. बॅटरीवाला म्हणते, बॅटरी चांगली आहे. आज लाइनचं काम आहे म्हणून नऊ वाजतापासून लाइन नाही, तीन वाजता येईल म्हणे. आणि हा आत्ताच वाजाले लागला."

"इन्व्हर्टरवर काय काय चालू आहे, वैनी?"

"दुसरं काही नाही. पंखासुद्धा बंद केला मी. फक्त मायची मशीन आहे."

"कोणती मशीन?"

"ऑक्सिजनची."

उर्वशीनं हातातला स्क्रू पिळायचा पेचकस खाली ठेवला. कॉम्प्युटर बसवायला गेली होती तेव्हा आतल्या खोलीतून घरघर येत होती, हे तिला आठवलं. पलंगावर चंद्रकुमारची आई, गोदावरीबाई, उशांना टेकून बसली होती आणि तिच्या नाकाला नळी होती. उर्वशीनं ते पाहिलं होतं. नमस्कारही केला होता. पण ती मशीन कुठल्या बोर्डावर आहे, हे तिनं विचारलं नव्हतं. चंद्रकुमारनं इन्व्हर्टरचा बोर्ड दाखवून म्हटलं, "ताई, इथंच लावा, लाइन गेली तर खेळ मधातच बंद पडते," आणि तिनं लावून दिला.

"आणि कॉम्प्युटर?" तिनं विचारलं.

"तो तर बंद आहे. यायनं सांगितलं होतं, लाइन गेली का रिमोटनं लाइटा बंद करायच्या, मग तो काही खात नाही. मी नऊ वाजताच केल्या. पूर्ण अंधार आहे त्याच्यात, पडदाही काळा आहे."

मग उर्वशीच्या लक्षात आलं. लोक रंग पाहतात आणि समजतात, सगळी वीज तिकडेच जाते. त्या सगळ्या लाइटा मिळून एका साध्या बल्बाएवढी वीज खायच्या. खरी खायची ती खेळातली चित्रं काढणारी आतली ग्राफिक कार्डाची पाटी, आणि तिला ना दिवा होता ना रंग. खेळ उघडा ठेवून माणूस उठून गेला, तरी ती तेवढीच राबत राहते.

"वैनी, भाऊ सकाळी किती वाजता गेले?"

"सहाले. त्याच्या आधी खेळत होते थोडा वेळ. मग घाईनं गेले."

"एक काम करा. डब्याच्या मागच्या बाजूले हात ठेवून पाहा. वारा येते काय?"

पावलं वाजली. मशीनची घरघर जवळ आली आणि लांब गेली. त्यामागे इन्व्हर्टरची टीं टीं उर्वशीला स्पष्ट ऐकू येत होती.

"हो," रीना म्हणाली. "गरम वारा येऊन राहिला."

"वैनी, ऐका. त्याचा प्लग..."

फोन तुटला.

उर्वशीनं लगेच लावला. बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. रीनाच्या फोनची बॅटरी संपली असणार. वीज वाचवायची म्हणून तिनं तो चार्जिंगला लावलाच नसेल. चंद्रकुमारचा फोन वाजत राहिला. कामाच्या जागी त्याला मोबाइल नेता येत नसे, हे तिला ठाऊक होतं. तिसरा नंबर तिच्याकडे नव्हता.

रीना आपणहून प्लग काढेल काय? उर्वशीनं मनातल्या मनात कॉम्प्युटर बसवला तो दिवस पुन्हा उभा केला. निघताना तिनं रीनाला मुद्दाम जवळ बोलावून सांगितलं होतं, "वैनी, हा चालू असताना प्लग कधीच ओढू नका हं. खराब होते." रीनानं मान हलवली होती. सांगितलेलं ऐकणारी बाई होती ती.

शटर अर्धवट ओढून उर्वशी खाली आली आणि तिनं गाडी काढली. भंडारा ते वरठी म्हणजे काही लांब नाही. एरवी ती गाणं गुणगुणत जायची. आज बाजारातल्या ऑटोंमधून निघतानाच तिला वाटलं, आपण चालतच निघालो असतो तरी लवकर पोचलो असतो. पुढे लोखंड भरलेल्या ट्रकांची रांग लागली होती. ती त्यांच्या बाजूनं, रस्त्याखालच्या मातीतून गाडी काढत राहिली. डोक्यात हिशेब चालू होता. मशीन तीनेकशे वॅट, कॉम्प्युटर तेवढाच. टीं टीं सुरू झाल्यावर किती वेळ? दहा मिनिटं? पंधरा? जुनी बॅटरी असेल तर पाचसुद्धा. अँब्युलन्ससाठी एकशे आठला फोन करायला हवा होता, हे तिला अर्ध्या वाटेत सुचलं. गाडी थांबवून तिनं तोही केला. गाडी पाठवतो म्हणाले, पण कुठून येईल आणि कधी, ते काही कळेना.

बांत्यांच्या घराचं दार उघडंच होतं. आत घरघर नव्हती, टीं टीं नव्हती. उर्वशी चपला न काढताच आत शिरली.

"ताई आली, माय," आतून रीनाचा आवाज आला. "घाबरू नका, ताई आली."

गोदावरीबाई पलंगावर पुढे वाकून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर. प्रत्येक श्वासाला तिचे खांदे वर जात होते. रीना खाली बसून ऑक्सिजनच्या लहान सिलिंडरची चावी फिरवायचा प्रयत्न करत होती. हातांना घाम होता आणि चावी घसरत होती. सिलिंडर नेहमी चंद्रकुमारच लावायचा.

"कधी बंद पडला?"

"आत्ताच. पाच मिनिटं झाली असतील. मी शेजारच्या आजोबाले पाठवलं कारखान्याच्या गेटवर."

उर्वशीला सिलिंडरमधलं काही कळत नव्हतं. तिला तारांमधलं कळत होतं. ती सरळ बाहेरच्या खोलीत गेली, टेबलाखाली वाकली आणि कॉम्प्युटरचा प्लग ओढून काढला. मग इन्व्हर्टरपाशी येऊन बटण बंद केलं. थोडा वेळ बॅटरीला दम घेऊ द्यावा लागतो. तिनं मनात साठ आकडे मोजायला घेतले. आतून गोदावरीबाईचा श्वास ऐकू येत होता, म्हणून ती चाळिसाच्या पुढे मोजू शकली नाही. तिनं बटण दाबलं. लाल दिवा लागला, विझला, मग हिरवा लागून टिकला. आतल्या मशीननं एक लांब शिटी मारली आणि घरघर सुरू झाली.

"चालू झाली," रीना म्हणाली, आणि तिथंच भिंतीला टेकली.

पण बॅटरी जवळजवळ संपलेली होती, मशीन फार वेळ चालणार नव्हती. उर्वशीनं आपला फोन रीनाच्या हातात दिला. रीनाला डॉक्टरांचा नंबर पाठ होता. डॉक्टर सांगत गेले, रीना मोठ्यानं म्हणत गेली आणि उर्वशी हात चालवत गेली. चावी फडक्यानं धरा, उलटी फिरवा, आधी थोडी हवा सोडा, मग नळी. बोटात घालायच्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा ऐंशीच्या खाली होता. तो चौऱ्याऐंशी झाला, मग सत्त्याऐंशी. तिघीही त्या इवल्याशा आकड्याकडे बघत होत्या. नव्वद आला तेव्हा गोदावरीबाईनंच पहिल्यांदा मान वर केली.

"पाणी दे वं," ती रीनाला म्हणाली.

अँब्युलन्स आली तोवर एक वाजला होता. तिच्या मागोमाग चंद्रकुमार पोचला, डोक्यावर कारखान्याचं हेल्मेट तसंच. अँब्युलन्समधले लोक आईला तपासत होते तोवर तो दारातच उभा राहिला. भंडाऱ्याला न्यायची गरज नाही, गाडीतला भरलेला सिलिंडर ठेवून जातो, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा तो आत आला आणि त्याची नजर टेबलाखाली लोंबणाऱ्या प्लगवर गेली.

"मी लाइटा बंद करायले सांगितलं होतं," तो रीनाला म्हणाला.

"केल्या होत्या," रीना म्हणाली.

उर्वशीला वाटलं, आता गप्प राहिलं तर हे दोघं हाच धागा धरून महिनाभर भांडतील, आणि आपल्याला कुणी एक शब्द विचारणार नाही. न विचारता निसटून जाणं सोपं होतं. तिच्या हातात गाडीची किल्लीही होती.

"भाऊ, चूक माझी आहे," ती म्हणाली. "लाइटांनी काही होत नाही. आतली पाटी खेळ उघडा असला का खातच राहते. हे मले माहीत होतं. आईची मशीन मी त्या दिवशी पाहिली होती, तरी कोणत्या बोर्डावर आहे ते विचारलं नाही. अन् प्लग ओढू नका, हेही वैनीले मीच सांगितलं होतं."

चंद्रकुमारनं डोक्यावरचं हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं.

"मीच म्हटलं होतं ना, इथं लावा म्हणून," तो म्हणाला. "मशीन त्याच बोर्डावर आहे, हे मले नव्हतं काय माहीत? कामावरून आलो का घंटाभर बसतो त्याच्यासमोर. दुसरं काही सुचत नाही. वाटलं, काय होते तेवढ्यानं."

"घेऊन जा ताई तो डबा," रीना म्हणाली. "मले नाही पाहिजे घरात."

चंद्रकुमारनं तिच्याकडे पाहिलं, पण नाही म्हटलं नाही. पलंगावरून गोदावरीबाईचा आवाज आला, थकलेला पण स्पष्ट. "राहू द्या वं. त्याचा जीव रमते त्याच्यात. तार तेवढी दुसरीकडे लावा."

लाइन तीनला येणार होती, ती साडेतीनला आली. तोवर उर्वशी थांबली. मग तिनं भिंतीवरून तार फिरवून कॉम्प्युटर साध्या बोर्डावर नेला. लाइन गेली की तो आता लगेच बंद पडणार होता. इन्व्हर्टरच्या बोर्डावरची उरलेली भोकं तिनं चिकटपट्टीनं बंद केली. हे सगळं करताना तिच्या हातून एक स्क्रू दोनदा खाली पडला.

परत जाताना तिनं गाडी हळू चालवली. संध्याकाळी दुकानात बसून तिनं वही काढली आणि वर्षभरात जोडून दिलेल्या कॉम्प्युटरांची नावं लिहायला घेतली. सत्तावीस झाली. पहिला फोन तिनं मोहाडीच्या कैलाशला लावला.

"कॉम्प्युटर चांगला चालून राहिला ना?" तिनं विचारलं, आणि तो हो म्हणायच्या आतच पुढचं विचारलं, "ज्या बोर्डावर लावला आहे, त्याच्यावर घरातलं आणखी काय काय आहे, ते एकदा पाहून सांगशील काय? मी थांबते फोनवर."