बारव कोणाची

ऑनलाइन ज्ञानकोशाच्या चर्चापानाच्या तळाशी रत्नमालेला स्वतःचं घर दिसलं. पडेगावातलं पत्र्याचं घर, निळं फाटक, ओट्यावर बसलेले तिचे वडील, आबा. फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘बाई, घर सापडलं.’

कॉलेजच्या ग्रंथालयात दुपारची सामसूम होती. ज्ञानकोशाची प्रचालक म्हणून मजकूर लपवण्याचा तिला अधिकार होता. तिने फोटो लगेच लपवला. अकरा वर्षं ती त्या मुक्त ज्ञानकोशावर ‘रानवारा’ या टोपणनावाने बिनपगारी राबत होती. गावांची माहिती दुरुस्त करायची, लिहिणाऱ्यांची भांडणं मिटवायची.

या वेळचं भांडण फुलंब्रीकडच्या एका बारवेचं, पायऱ्यांच्या जुन्या विहिरीचं होतं. जमीनवाले म्हणत, आमच्या पूर्वजांनी बांधली. मेंढपाळ म्हणत, आमच्या. एकाने लिहायचं, दुसऱ्याने खोडायचं. शेवटी तिने पान कुलूपबंद करून पुरावे मागितले. मी मेंढपाळाची लेक आहे, निकाल दिला तर चालेल का, असंही आधीच विचारलं होतं. दोन्हीकडून होकार आला. त्याच वाक्यावरून कुणीतरी तिचा माग काढला असावा.

जमीनवाल्यांनी घराण्याची स्मरणिका दिली, मेंढपाळांनी ओव्या. जुन्या सरकारी दप्तरात एवढंच होतं: बांधणारा अज्ञात. निकाल आज द्यायचा होता.

फोन वाजला. अनोळखी नंबर.

“ताई, आप्पासाहेब बोलतो. बारव आमची हाय, तेवढं लिहून टाका. म्हातारा दिवसभर एकलाच बसतो नं ओट्यावर? ध्यान ठेवा.”

आवाज गोड होता. रिक्षा करून ती घरी पळाली.

आबा, म्हणजे मुंजाबा, धडधाकट होते, लसूण सोलत बसले होते. तिने त्यांना आत आणलं, दाराला कडी घातली आणि सगळं सांगितलं.

“त्यांची कशी? माह्या आजीनं सांगितलंय, आपल्याच माणसांनी खांदली,” आबा म्हणाले. “भिऊ नको. तसंच लिही.”

“आबा, त्याला कागद लागतो.”

“आजीनं सांगितलेलं काहीच नाय व्हय?”

तिने लॅपटॉप उघडला. आप्पासाहेबांचं लिहिलं असतं तर आजची झोप लागली असती. आबांचं लिहिलं असतं तर ते हसले असते. बोटं चुकत होती. एकेक शब्द तिला दोनदा लिहावा लागला. ‘दोन्ही समाज ही बारव आपली मानतात. ती कोणी बांधली, याचा पुरावा आढळत नाही.’ खाली ‘रानवारा’ अशी सही केली.

“काय लिवलंस?”

तिने वाचून दाखवलं.

“म्हंजी आजी लबाड बोलली?”

“तसं नाही, आबा…” तिने लॅपटॉप मिटला.

बाहेर मोटारसायकल आली. फाटकाशी थांबली, पण इंजिन बंद झालं नाही. रत्नमाला भिंतीला चिकटून उभी राहिली. मुंजाबा उठले. बाज फरफटत ओढून त्यांनी दाराला आडवी लावली आणि तिच्याकडे पाठ करून बाजेवर बसून राहिले.