भिंगाचा डोळा

सुरतेत गोबरभाईने जन्मभर उजव्या डोळ्याला भिंग लावून हिरे घासले. कोरोनात खाट नाही म्हणून दवाखान्याने त्याला दारातूनच परत पाठवलं, तेव्हा शेजारच्या कारागिराने आपल्या उरलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. एकाला डॉक्टरने दिलेल्या चिठ्ठीवर अख्खी गल्ली गोळ्या खात होती. रक्तातली साखर कुणी तपासायची? ताप उतरला, पण साखर भडकली आणि काळी बुरशी नाकातून त्याच डोळ्यात चढली.

"डोळा काढला नाही तर मेंदूत जाईल," डॉक्टर म्हणाला.

"काढा," बायको काशीबेन म्हणाली.

"मला तरी विचार."

"गोळ्या गिळताना मला विचारलं होतंत?"

गोबरभाईला राग आला नाही, रडूही नाही.

"बरं," म्हणत त्याने भुलीच्या सुईसाठी हात पुढे केला.